टोप्यांच्या वर लावलेला फोटो

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की आपल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागतात. परवा मफलर घ्यायला गेले, तर टोप्यांच्या वर दलाई लामांचा एक फोटो, त्याला पांढरं रेशमी उपरणं घातलेलं. भाव करताना माझं लक्ष तिकडेच. हा फोटो चीनच्या ताब्यातल्या तिबेटमध्ये, ल्हासात, कुणी घरात लावला, तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो.

दुसरा एक फोटो आहे, लालबुंद गालांच्या एका मुलाचा. गेंदुन चोक्यी नीमा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी त्याला पंचेन लामांचा, म्हणजे तिबेटी बौद्धांमध्ये दलाई लामांच्या खालोखाल मान असलेल्या धर्मगुरूंचा, अवतार म्हणून जाहीर केलं. तीनच दिवसांनी, १७ मे रोजी, चिनी अधिकारी त्याला आईवडिलांसकट घेऊन गेले. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आज तो पस्तिशी ओलांडलेला माणूस असेल, पण जगाकडे फोटो आहे तो त्या पोराचाच. तो पदवीधर झाला, नोकरी करतो, त्याला त्रास नको, असं चीननं २०२० मध्ये सांगितलं. बरं, मग एक नवा फोटो दाखवायला काय हरकत होती?

एका लहान मुलाची एवढी धास्ती कशासाठी? तर पुढचा दलाई लामा ओळखण्यात पंचेन लामांचा परंपरेनं वाटा असतो. म्हणून चीननं त्याच वर्षी सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून दुसराच मुलगा गादीवर बसवला. २००७ मध्ये तर नियमच केला, की लामांच्या पुनर्जन्माला सरकारची मंजुरी हवी. ज्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांना धर्म पाळायची मुभा नाही, तो पक्ष पुढच्या जन्माचे परवाने देतो! चीनच्या राज्यघटनेच्या ३६व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, पण ‘सामान्य’ धार्मिक व्यवहारांपुरतं. सामान्य काय, ते सरकार ठरवणार. जुलै २०२५ मध्ये, नव्वदीत पाऊल टाकताना, दलाई लामांनी स्पष्ट केलं, की आपला उत्तराधिकारी ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा. बीजिंगनं ते लगेच धुडकावलं.

मी स्टॉलवरच्या मावशींना विचारलं, “तिबेटला कधी गेला होतात?”

“मी गोठणगावची,” त्या म्हणाल्या. गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, तिथल्या. “आई चालत आली होती. मी तिकडचं काही पाहिलेलं नाही.”

नऊ वाजले तसा त्यांनी स्टॉल आवरायला घेतला. आधी फोटो उतरवला, उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि मग स्वेटरांना हात लावला.