आतड्याचं अस्तर कोण राखतं?

पंचवटीतली नाशिकची बाजार समिती. भाजीचे लिलाव उरकले की कोबी-फ्लॉवरच्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागतात. त्यातला एखादा गड्डा इथेच राहतो, मटार घालून परतला जातो, कुणाच्या तरी डब्यात जातो. आपण त्याच्यामागून थेट आतड्यात जाऊ.

आतड्याचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. अलीकडे अन्न आणि अब्जावधी जिवाणू, पलीकडे आपलं रक्त. एवढं नाजूक अस्तर, आणि तेही दर चार-पाच दिवसांनी नव्यानं घडतं!

या घडणीमागे प्रतिकारपेशींचा मोठा हात आहे. जंतू आले की लढायचं, एवढंच त्यांचं काम असं आपण समजतो. पण या प्रतिकारपेशी अस्तराच्या खाली, अस्तराच्या पेशींच्या मधेही वस्तीला असतात आणि अस्तराला सतत रासायनिक निरोप धाडतात. इंटरल्युकिन-२२ हा त्यातला एक. तो मिळाला की अस्तराच्या पेशी जंतुनाशक प्रथिनं सोडतात, आणि इजा झालेल्या जागी मूलपेशी जोमानं वाढू लागतात. पोटात जंत झाले तर निरोप बदलतो: इंटरल्युकिन-१३. मग बुळबुळीत स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात आणि जंतांना आतड्यात टिकणं अवघड होतं. शत्रू पाहून तटबंदी बदलणारी ही व्यवस्था खरोखर थोर आहे.

आता तो कोबी. २०११ साली केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांच्या खाण्यातून भाजीपाला काढून टाकला, तेव्हा अस्तरातल्या प्रतिकारपेशी झपाट्यानं घटल्या. कोबीवर्गीय भाज्यांतून मिळणारं एक संयुग खाण्यात मिसळलं, तर त्या टिकल्या. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

याच पेशी बिथरल्या तर? क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येणाऱ्या विकारात, टीएनएफ नावाचा सूज भडकवणारा निरोप थांबतच नाही. पेशींमधले सांधे सैल होतात, जिवाणू आत शिरतात, सूज आणखी भडकते. शौचावाटे रक्त, आठवडेच्या आठवडे जुलाब, उतरत जाणारं वजन, असं काही असेल तर काढ्यांवर दिवस घालवू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. कारण यावर औषधं आहेत. क्रोन्ससाठी १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इन्फ्लिक्सिमॅब नेमकं टीएनएफलाच धरून ठेवतं, आणि बऱ्याच रुग्णांच्या आतड्यातले व्रण भरून येतात.