वळीव घरावर येतो तेव्हा

[दृश्य: दुपारचे चार. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया. पश्चिमेला काळा ढग.]

वैशाख. मराठवाड्यातलं एक गाव. सकाळपासून अंगाची काहिली होतेय, झाडाचं पान हलत नाही. पश्चिमेकडून ढग चढतोय, बुडाशी काळाकुट्ट आणि माथ्याला फुलकोबीसारखा पांढरा. हा माथा दहा-बारा किलोमीटर उंच गेलाय. तिथे बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात, आणि त्या घासाघाशीतून ढगात विद्युतभार साठत जातो.

मग एकदम गार वारा सुटतो. धुरळा उठतो, दारं धाडधाड आपटतात. अजून पावसाचा थेंब नाही. ढगाखाली पाऊस सुरू झाला की तिथली हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. आपल्या अंगणात पोचतो तो हाच वारा. कुरडया गोळा करायला धावायची जी वेळ, तीच घरातल्या पिना काढायचीही वेळ.

कारण ढग गडगडताना ऐकू आला, तेव्हाच आपण विजेच्या टप्प्यात आलेलो असतो. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. जो आकडा येईल तितके किलोमीटर वीज लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत पडली. पाऊस सुरू होण्याची वाट बघू नका, वीज पावसाच्या बरीच पुढेही पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते मे महिन्याआधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

[दृश्य: टीव्हीमागचा बोर्ड, अगदी जवळून. बटण बंद, पिन आतच.]

आता हा बोर्ड नीट बघा. बटण बंद आहे, म्हणजे टीव्ही सुरक्षित, असं घरोघरी समजतात. पण हे बटण फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी तार, तोडतं. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं. शिवाय बंद बटणाच्या आत दोन टोकांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. लांब कुठेतरी खांबावर वीज पडली, तरी तारांतून हजारो व्होल्टचा झटका घरात येऊ शकतो, आणि तो ही फट ओलांडतो. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातली आपोआप पडणारी कळ, हीही इथे कामाला येत नाही. तिला पडायला काही हजारांश सेकंद लागतात, झटक्याचं काम मात्र लक्षांश सेकंदांत उरकलेलं असतं.

म्हणून पिनच काढायची. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सगळ्यांची. टीव्हीच्या छत्रीची केबल सेट टॉप बॉक्समधून वेगळी काढायची, ही हमखास विसरते. छत्रीवरून आलेला झटका आणि मीटरकडून आलेला झटका यांच्या मधोमध टीव्ही सापडतो, आणि आतला बोर्ड काळा पडतो. हे सगळं वीज लांब असतानाच उरकायचं. डोक्यावर कडकडाट चालू असेल, तर पिनेला हातही लावू नका. टीव्ही गेला तर गेला.

कायमचा उपाय मेन बोर्डात बसतो. त्याला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. तो जादा दाब अर्थिंगकडे वळवतो. बसवताना वायरमनपाशी उभं राहून एक गोष्ट बघा: त्याच्या जोडणीच्या वायरी सगळ्या मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. मीटरभर वायर वाढली, तर झटक्याच्या वेळी हजारभर व्होल्ट तिच्यावरच उभे राहू शकतात, आणि तेवढा दाब टीव्ही-फ्रिजला सोसावा लागतो. त्यावरची छोटी खिडकी हिरवी असली की ठीक. लाल झाली, म्हणजे आतला भाग जळाला, बदलायचा.

आणि अर्थिंगच खराब असेल, तर हा प्रोटेक्टर असून नसल्यासारखा. खड्ड्यात अडीच-तीन मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. पण काम करते ती ओल. वैशाखात माती खडखडीत वाळते आणि वळीव येतो तो नेमका तेव्हाच. एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता. छत्रीचं अर्थिंग वेगळं असेल, तर दोन्ही तारेने जोडून घ्या.

[दृश्य: घरात सगळे. बाहेर लख्ख उजेड.]

आता माणसं. खिडकी, ओसरी आणि लोखंडी दार सोडून आतल्या खोलीत बसायचं. अंघोळ, भांडी नंतर, कारण लोखंडी नळातून आणि पाण्यातून प्रवाह येतो. मोबाइल वापरल्याने वीज ओढली जात नाही, पण चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला धरू नका.

पत्र्यांवर दगड ठेवायची पद्धत फार जुनी, आणि फार घातक. वारा पत्र्याला खालून उचलतो आणि दगड माणसांवर येतात. पत्रे अँगलला हुक-नटाने आवळलेले हवेत. गुरं लिंबाखाली बांधली असतील, तर ढग दिसताच सोडून आणा. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने प्रवाह छातीतून जातो.

कुणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. तो हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही.

[दृश्य: पाऊस ओसरलाय. अंगणात गारा.]

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच. मग बाहेर पडताना आधी पायाखाली नाही, वर बघा. तार लोंबकळत असेल किंवा ओल्या जमिनीवर पडलेली असेल, तर लाइट गेलेली असली तरी ती जिवंतच समजायची. दहा मीटर लांब राहा, पोरांना आणि गुरांना अडवा, १९१२ ला कळवा. पिना लाइट आल्यावर लगेच लावू नका. दिवा फडफडायचा थांबला, की दहा मिनिटांनी, एकेक करून. आधी फ्रिज.