गोळी सुरू केली आणि डाग दिसू लागले

नमस्कार मैत्रिणींनो. घरात रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्यांनाच नमस्कार, कारण आजचं बोलणं नवऱ्यांनी आणि सासूबाईंनीही ऐकावं असं आहे.

पाळणा लांबवायचा म्हणून आशाताईंकडून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आणलं, गोळ्या सुरू केल्या आणि आठ-दहा दिवस झाले नाहीत तोच कपड्याला डाग दिसायला लागले. पाळी तर आत्ताच होऊन गेलेली. कुणीतरी म्हणतं, ‘तुला गोळी गरम पडली, बंद कर.’ आणि गोळी बंद होते. आज सांगायचं आहे ते एवढ्याचसाठी, की या डागांपायी पाकीट अर्ध्यावर सोडू नका.

अर्ध्यावर सोडलं की हार्मोनचा आधार एकदम सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पाळीसारखं रक्त जायला लागतं. ज्या भीतीने गोळी सोडली, तेच वाढून बसतं. शिवाय बीजांडकोश पुन्हा कामाला लागतो आणि दिवस राहू शकतात. नको असलेल्या गर्भाची काळजी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायकांनी गोळी अशीच मधे सोडलेली असते, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

हे डाग पडतात तरी का? एरवी गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि पाळीच्या दिवसांत एकदम गळून पडतं. गोळीने हे अस्तर पातळ राहतं. पातळ अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, कुठेतरी थोड्या फुटतात आणि तेवढंच रक्त डागाच्या रूपाने दिसतं. शरीराला नव्या प्रमाणाची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीच्या महिन्यात दहापैकी तिघींना असे डाग दिसू शकतात. तिसरं पाकीट संपेपर्यंत बहुतेकींचे थांबतात. डाग दिसले म्हणजे गोळी लागू पडत नाही, असं मुळीच नाही. गोळ्या वेळेवर चालू असतील तर गर्भापासून संरक्षण कायम राहतं.

यामागचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक या संशोधकांनी गर्भनिरोधक गोळीवर काम केलं, तेव्हा सुरुवातीच्या औषधात मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन, म्हणजे एक स्त्री-हार्मोन, अनवधानाने मिसळलेलं निघालं. ते काढून औषध शुद्ध केलं, तर बायकांना मधेच रक्त जाण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून ते इस्ट्रोजेन मुद्दाम ठेवलं गेलं. 1960 मध्ये मान्यता मिळालेल्या त्या पहिल्या गोळीत ते 150 मायक्रोग्रॅम होतं. पुढे कळलं, की इतक्या इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि प्रमाण कमी कमी करत आणलं. माला-एनच्या एका गोळीत आज इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन फक्त 30 मायक्रोग्रॅम असतं आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे दुसरं हार्मोन 150 मायक्रोग्रॅम. तेव्हा सुरुवातीचे हे डाग म्हणजे गोळी जास्त सुरक्षित केल्याची किंमत आहे, आणि ती देण्यासारखी आहे.

पाकिटाकडे नीट बघा. त्यात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या, हार्मोनच्या. सात गडद रंगाच्या, त्या लोहाच्या. त्यांत हार्मोन नसतं, म्हणून त्या चालू असतानाच पाळी येते. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर दुसरं काही वापरावं लागत नाही. त्यानंतर सुरू केली, तर आधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करायची आणि पहिले सात दिवस निरोध वापरायचा. अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, रक्त जात असलं तरी. ‘आधी पाळी पूर्ण होऊ दे, मग सुरू करते’ म्हणून चार दिवस थांबणं ही नेहमीची चूक आहे. त्या चार दिवसांत संरक्षण जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही डाग पडत असतील, तर आधी गोळी चुकते आहे का ते पाहा. एखादी पांढरी गोळी राहिली, की एक-दोन दिवसांत डाग दिसू शकतो. रोज ठरलेली वेळ ठेवा. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बहुतेकींना जमते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. एक पांढरी गोळी राहिली, तर आठवताच घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्या, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या, तर आठवताच एक घ्या, आधीच्या सोडून द्या, पुढच्या रोज एकेक चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. अशा गोळ्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीची गोळी घ्यावी का, हे त्याच दिवशी विचारा. तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, तर उरलेल्या पांढऱ्या संपवून, गडद गोळ्या न घेता, थेट नवं पाकीट सुरू करायचं. गडद गोळी राहिली तर काहीच बिघडत नाही, ती फेकून द्या. आणि डाग थांबावेत म्हणून आपल्या मनाने रोज दोन-दोन गोळ्या कधीही घेऊ नका.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी पांढरी गोळी घ्या. जुलाब-उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या, तर गोळ्या चुकल्या असंच धरून वागायचं.

दुसरी औषधंही गोळीचा जोर कमी करतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट येण्यावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही त्यातली मुख्य. टीबीचे उपचार सुरू झाले आणि डाग वाढले, तर ती खूण समजून लगेच डॉक्टरांना सांगा. तेव्हा गोळीवर विसंबून चालत नाही, तांबी किंवा अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा विचार करावा लागतो. सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या साध्या अँटिबायोटिकने मात्र असं होत नाही.

गणपती, वारी, घरातली पूजा आली की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. त्या नॉरइथिस्टेरॉनच्या, 5 मिलिग्रॅमच्या असतात. त्यांनी पाळी लांबते, पण तेवढ्याने गर्भ राहण्यापासून बचाव होतो असं धरू नका. माला-एन चालू असताना त्या वेगळ्या घ्यायची गरजच नाही. पांढऱ्या गोळ्या संपल्यावर गडद सात बाजूला ठेवा आणि नवं पाकीट सुरू करा, पाळी पुढे जाते. मधे एखादा डाग दिसेल, त्याने घाबरू नका.

आणि सासूबाई, हे तुमच्यासाठी. मधेच पडलेला डाग म्हणजे पाळी नव्हे. त्या डागापायी सुनेला स्वयंपाकघरापासून, देवघरापासून दूर बसवलं, तर ती गोळी घ्यायचं सोडून देईल आणि ते कुणाला सांगणारही नाही. तिला पॅड द्या आणि तिचं काम तिला करू द्या.

सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही दुसरी गोळी मिळते. तिच्यात हार्मोन नसतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं ऑर्मेलोक्सिफेन त्यात 30 मिलिग्रॅम असतं. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, तर माला-एन बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत देत नाहीत. छायावर तक्रार उलटी असते, पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करून घ्या.

आता, डागांना केव्हा साधं समजायचं नाही? लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, ओटीपोटात जोराने दुखत असेल, ताप आणि घाण वासाचा स्राव असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. संबंधानंतर दर वेळी रक्त दिसणं, तीन महिन्यांनंतरही डाग चालू राहणं, किंवा कित्येक महिने सगळं नीट असताना अचानक डाग सुरू होणं, यांची तपासणी लागते. गर्भाशयाच्या तोंडाचा जंतुसंसर्ग, गाठ किंवा राहिलेला गर्भ, काहीही असू शकतं. आणि डाग असोत-नसोत, एका पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत कळ, धाप, असह्य डोकेदुखी, अचानक अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना गाठा. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, पस्तिशी उलटून विडी-सिगारेटची सवय असेल, किंवा अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत असतील, तर माला-एन सुरूच करू नये.

दवाखान्यात जाताना पाकीट आणि चालू असलेल्या बाकीच्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. घरच्या कॅलेंडरवर दर दिवसाच्या चौकटीत एक बारीक खूण करत जा. नुसता डाग असेल तर टिंब, पॅड लागलं तर रेघ, गोळी राहिली तर फुली. खुणा तुम्हालाच कळतील अशा असल्या तरी पुरे. नर्सताईंनी तीन महिन्यांची पानं एकदा पाहिली, की टिंबं फुलीच्या मागोमाग येतात की आपोआप कमी होत चालली आहेत, हे त्यांना लगेच दिसतं, आणि दुसरी गोळी द्यायची का तपासणी करायची, हे तिथेच ठरवता येतं.