एल्कची पहिली शिकार: गाईड घ्यावा का, आणि मांस खाली कोण आणणार?

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या, म्हणजे तिथल्या एका मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या परवान्यांसाठी होणाऱ्या मुख्य सोडतीची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, आणि फेब्रुवारी सरत आला की या चॅनलवर एकाच प्रश्नाची रीघ लागते: पहिल्या शिकारीसाठी गाईड घ्यावा, की आपले आपण जावे? डॅलसहून, न्यू जर्सीहून आणि दोघांनी तर थेट पुण्याहून हे विचारले आहे, म्हणून आज तेवढाच विषय घेऊन बसलो आहे.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या राज्याच्या वन्यजीव विभागाच्या माहितीपुस्तिकेत दर वर्षी सविस्तर छापून येतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर असावा लागतो, आणि त्याच रंगाची टोपीही. बाहेरच्या राज्यातील माणसाला नर एल्कचा परवाना ८०० डॉलरांहून महाग पडतो, तर राज्यात सलग सहा महिने राहिलेल्याला तो १०० डॉलरांच्या आत मिळतो. सोडत म्हणजे म्हाडाच्या घरांसारखीच. फरक इतकाच की इथे नंबर न लागल्यास एक गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी तो कामाला येतो. एवढे पुरे.

व्हिसाविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेक जण एच-वन-बीवर आहेत. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना, मग वकिलाचा सल्ला आणि त्यानंतरच मित्राची रायफल हातात, हा क्रम कृपा करून उलटा करू नका.

आणखी एक प्रतिक्रिया वारंवार येते: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली, मग तिकडे जाऊन तुम्ही हरणे का मारता? हा प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेबंद कत्तलीने कोलोरॅडोतील एल्क जवळजवळ संपले होते आणि पुढे शेजारच्या वायोमिंग राज्यातून कळप आणून ते पुन्हा वाढवावे लागले. आज या राज्यात अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत, किती परवाने द्यायचे हे कळपांच्या अंदाजावरून ठरते, आणि परवान्यांचे शुल्क त्याच वन्यजीव विभागाकडे जाते. काश्मीरचा हंगुल हा या एल्कचा जवळचा नातलग आहे आणि तो आज मोजक्या संख्येत उरला आहे, हे आठवले की या हिशेबाचे मोल मला अधिकच जाणवते.

आता मूळ प्रश्न. मला येणाऱ्या दहा पत्रांपैकी आठ पत्रे रायफलच्या कॅलिबरबद्दल असतात, दुर्बिणीबद्दल असतात, नराला साद घालण्याच्या शिट्टीबद्दल असतात. गोळी लागल्यानंतर काय, हे क्वचितच कोणी विचारते. आणि घोडे इथेच पेंड खाते. गाईड हवा की नको, याचा निर्णय एल्क सापडेल की नाही यावर करू नका, तर मांस डोंगरावरून गाडीपर्यंत कोण आणणार यावर करा.

वजनापासून पाहू. वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात असतो आणि हाडे काढून टाकली तरी शंभर किलोंच्या आसपास मांस उरते. पाठीवर एका वेळी पंचवीस किलो म्हटले, तर चार खेपा झाल्या. गाडी पाच किलोमीटरवर असेल, तर ओझे घेऊन वीस आणि रिकाम्या हाताने परत येण्याचे पंधरा, असे पस्तीस किलोमीटर एकट्या माणसाला चालावे लागते, तेही तीन हजार मीटर उंचीवर, जिथे ह्यूस्टनहून कालच आलेल्या माणसाला नुसते तंबूपर्यंत चढतानाही धाप लागते.

आता तेच उष्णतेच्या बाजूने पाहा. एल्कचे कातडे आणि केस उणे तापमानात तग धरण्यासाठी घडलेले असतात, त्यामुळे प्राणी मेल्यावरही आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि सर्वांत शेवटी निवते ते मागच्या मांडीतील खुब्याच्या हाडाभोवतीचे मांस. माझ्या पहिल्या हंगामात, ऑक्टोबरच्या अखेरीस, मी आणि माझ्या मित्राने दुपारी साडेचारला एक मादी टिपली. अंधार पडला, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही पुढचे पाय आणि पाठीचे मांस काढले, आणि थकवा आल्यामुळे एक मांडी कातड्यासकट तशीच जमिनीवर ठेवून पहिली खेप घेऊन खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी वर पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि त्या उतारावर लख्ख ऊन पडले होते. हाडाजवळ सुरी घातली तेव्हा आंबूस वास आला आणि आतले मांस हिरवट दिसले. सात-आठ किलो मांस माझ्या आळसामुळे वाया गेले, आणि ज्या प्राण्याचा जीव मी घेतला होता त्याच्यापुढे मला खरोखर मान खाली घालावीशी वाटली.

आणि कायदाही हेच सांगतो. खाण्याजोगे मांस टाकून येणे हा कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि केवळ शिंगे घेऊन धड सोडून जाणे हा तर अत्यंत गंभीर गुन्हा आहे. शिवाय नर की मादी याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, त्यामुळे सोलताना घाई करून ती कापून टाकू नका. ‘दमलो होतो’ हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही.

म्हणून आउटफिटरशी, म्हणजे गाईड, घोडे आणि तंबू पुरवणाऱ्या व्यावसायिकाशी, फोनवर बोलताना पहिला प्रश्न हा विचारा: मांस खाली आणण्याचे काम या रकमेत धरले आहे का, आणि ते घोड्यांवर येणार की माझ्या पाठीवर? एका प्रेक्षकाने पाच दिवसांसाठी सात हजार डॉलर भरले होते, आणि शिकार झाल्यावर घोड्यांचे पैसे वेगळे मागितले गेले. करारात ती ओळ नव्हतीच. कोलोरॅडोत आउटफिटरला राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि राष्ट्रीय वनात काम करायचे असल्यास वनसेवेची परवानगीही लागते. दोन्ही कागद पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

मधला मार्गही आहे. आउटफिटर घोड्यांवरून तुम्हाला आणि सामानाला तयार तंबूपर्यंत पोहोचवतो, शिकार तुम्ही स्वतः करता आणि ठरल्या दिवशी तो घोडे घेऊन परत येतो. पूर्ण गाईडच्या मानाने हा खर्च निम्म्याहून कमी येऊ शकतो, आणि शरीराने धडधाकट पण मनुष्यबळ कमी असलेल्या दोघा-तिघांसाठी मला हाच पर्याय उत्तम वाटतो. वायोमिंगला जाणार असाल तर तेथील संरक्षित निर्जन क्षेत्रांत बाहेरच्या शिकाऱ्याला गाईड किंवा तशी परवानगी घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय एल्कची शिकार करता येत नाही, त्यामुळे तिथे निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही.

पूर्णपणे स्वतः जायचे असेल, तर दोघे तरी जा, मादीचा परवाना घ्या, आणि गाडीपासून तीन किलोमीटरांपलीकडे गोळी झाडायचीच नाही असे घरून निघतानाच ठरवा. जाळीदार कापडाच्या पाच-सहा पिशव्या, दोन धारदार सुऱ्या आणि दोरी एवढे सामान पुरते. पोट न फाडताही सगळे काम होते: पाठीच्या कण्यालगत कातडे चिरावे, पुढचा पाय उचलून सोडवावा, कारण तो सांध्याने नव्हे तर केवळ स्नायूंनी जोडलेला असतो, आणि मागची मांडी खुब्याच्या वाटीतून निखळवावी.

दुसऱ्या वर्षी आम्ही तसेच केले. मादी दुपारी पडली, गाडी अडीच किलोमीटरवर होती, आणि रात्र होण्यापूर्वी चारही पाय सोलून उत्तरेकडील उतारावर स्प्रूसच्या फांद्यांना सावलीत टांगले होते. पहाटे वर गेल्यावर मी सर्वांत आधी हातमोजा काढून मांडीच्या हाडापाशी बोटे घातली. मांस पार आतपर्यंत थंडगार होते.