एशरच्या बंगल्यातली टेप

श्रोतेहो, नमस्कार.

आश्रम, साधू आणि ध्यानधारणेसाठी आलेले परदेशी लोक यांचं आपल्या नाशिककरांना फारसं अप्रूप नाही. सिंहस्थात गंगाघाटावर एखादा गोरा पोरगा गिटार घेऊन बसलेला दिसला, तर आपण घटकाभर बघतो आणि भाजी घ्यायला पुढे जातो. पण १९६८ च्या फेब्रुवारीत ऋषिकेशला जे चौघे आले, त्यांच्या मागोमाग जगभरचे फोटोग्राफर आले. महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला बीटल्स हा इंग्लिश बँड आला होता: जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो. रिंगो दोनेक आठवड्यांतच परत गेला, आपलं खाणं त्याला झेपेना. पॉल मार्चमध्ये निघाला. जॉन आणि जॉर्ज एप्रिलपर्यंत राहिले. ध्यान किती साधलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, गाणी मात्र ढिगाने झाली. आश्रमात ना स्टुडिओ, ना मोठी वाद्यं, ना घड्याळाकडे बघणारा कुणी मॅनेजर. हाताशी होती ती फक्त साधी लाकडी गिटार. डोनोव्हन नावाचा स्कॉटिश गायकही तिथे होता. बोटांनी एकेक तार छेडत वाजवायची पद्धत जॉन त्याच्याकडून शिकला.

मे महिन्याच्या अखेरीस हे चौघे इंग्लंडमध्ये एशर गावी जॉर्ज हॅरिसनच्या बंगल्यावर जमले. जॉर्जकडे चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे टिपणारं, एक टेपरेकॉर्डर होतं. त्यावर त्यांनी यातली बरीच गाणी कच्ची रेकॉर्ड करून ठेवली. लगेच ३० मेपासून स्टुडिओतलं काम सुरू झालं, आणि २२ नोव्हेंबर १९६८ ला तीस गाण्यांचा जोडअल्बम बाजारात आला. कव्हर पांढरंफटक, त्यावर फक्त बँडचं नाव आणि प्रत्येक प्रतीवर छापलेला क्रमांक. म्हणून जग त्याला ‘व्हाइट अल्बम’ म्हणतं.

आज मला बोलायचंय ते एशरच्या त्या टेपबद्दल. २०१८ मध्ये अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्याची मोठी आवृत्ती निघाली: सहा सीडी, एक ब्लू-रे आणि एक जाडजूड पुस्तक. मूळची ३० गाणी, स्टुडिओतले अर्धेकच्चे ५० तुकडे आणि एशरच्या टेपवरची २७ गाणी. त्या २७ पैकी सात १९९६ मध्ये अधिकृतपणे आली होती. बाकीची तोवर चोरट्या सीडींवरच ऐकायला मिळायची, तीही खरखरीसकट.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशीचा हा उत्साह म्हणजे जुनाच माल नव्या खोक्यात. बऱ्याचदा तसंच असतं, मी नाही म्हणणार नाही. त्यात एक कायद्याची मेखही आहे. युरोपात जे रेकॉर्डिंग पन्नास वर्षांत प्रसिद्धच झालं नाही, त्यावरचा कंपनीचा हक्क संपतो. वेळेत प्रसिद्ध केलं तर तो सत्तर वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून २०१२ मध्ये बॉब डिलनची जुनी अप्रकाशित गाणी कंपनीने शंभरेक प्रतींत काढली, आणि त्या संचाच्या नावातच कॉपीराइट वाढवण्याचा उल्लेख होता. बिचाऱ्यांनी निदान लपवाछपवी तरी केली नाही.

शिवाय अशा खोक्यांवर दोन शब्द हमखास असतात, रीमास्टर आणि रीमिक्स, आणि गिऱ्हाईक दोन्हींना एकच समजतं. तयार मिसळीवर लिंबू पिळून चव उजळली, तो झाला रीमास्टर. मटकी, रस्सा, फरसाण आपापल्या भांड्यांतून काढून प्लेट नव्याने लावली, तो रीमिक्स. २०१८ साली जाइल्स मार्टिनने केलं ते हे दुसरं. त्याचे वडील जॉर्ज मार्टिन हे बीटल्सचे मूळ निर्माते. मुलाने मूळ ट्रॅक घेऊन आवाज आणि वाद्यं नव्याने बसवली. ढोल-गिटार जवळ आल्यासारखी वाटतात हे खरं. तरी मला विचाराल तर या खोक्यातला खरा ऐवज ती घरगुती टेपच.

का, ते सांगतो. स्टुडिओत गेल्यावर या चौघांचं बिनसत गेलं. एकेक जण वेगळ्या खोलीत आपापलं गाणं करू लागला. जुलैत त्यांचा नेहमीचा रेकॉर्डिंग इंजिनिअर वैतागून काम सोडून गेला. ऑगस्टमध्ये खुद्द रिंगो निघून गेला, तेव्हा दोन गाण्यांवर ड्रम पॉलने वाजवले. हे पुस्तकांतून वाचलेलं असतं, म्हणून तो अल्बम ऐकताना भांडणच ऐकू येतं. एशरच्या टेपवर त्याचा मागमूस नाही. तिथे टाळ्या आहेत, पायाने धरलेला ठेका आहे, मध्येच हसणं आहे. जॉन आपल्याच आवाजावर दुसऱ्यांदा गाऊन आवाज दुहेरी करतोय.

प्रुडन्स नावाच्या मुलीवरचं गाणं घ्या. ऋषिकेशला ही मुलगी ध्यानाला बसली की खोलीतून बाहेरच येईना. तिला बाहेर काढायला जॉनने गाणं रचलं. अल्बमवर ते फार देखणं झालंय. टेपवर मात्र गाणं संपता संपता जॉन गिटार वाजवत बोलूच लागतो. महर्षींच्या देखरेखीखाली ही मुलगी पार बिथरणार हे कुणाला ठाऊक होतं, सगळे काळजीत पडले, म्हणून आम्ही तिच्यासाठी गायलो, असं काहीसं तो मिश्कीलपणे सांगतो. अल्बमवर हे बोलणं नाही. गाणं त्यामुळे नेटकं झालं, पण त्याची खोडी गेली. जॉर्जचं गिटारच्या रडण्याचं गाणंही असंच. अल्बमवर एरिक क्लॅप्टनची इलेक्ट्रिक गिटार त्यात आक्रोश करते, आणि लोकांना आठवते ती तीच. टेपवर तो आक्रोशच नाही, गाणाऱ्याचा स्वर पुरेसा आहे. यात चांगलं कोणतं, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. तिथून पुढे गाणं कुठल्याही वाटेने जाऊ शकलं असतं आणि एका वाटेने गेलं. डेमो, म्हणजे असं कच्चं रेकॉर्डिंग, ऐकायचा तो त्या इतर वाटा दिसाव्यात म्हणून.

माझा सगळ्यात आवडता डेमो अल्बमवर आलेलाच नाही. निसर्गावरचं महर्षींचं एक प्रवचन ऐकून पॉल आणि जॉन दोघांनीही एकेक गाणं केलं. पॉलचं घेतलं गेलं, जॉनचं राहिलं. जॉनच्या गाण्याची सुरुवातच ऋषिकेशच्या रस्त्यावर होते. शब्द भाबडे आहेत, डोंगर, ऊन, वाळवंट, स्वप्न वगैरे. पण महर्षींवरचा विश्वास तोवर उडाला होता. त्यांना टोमणा मारणारं दुसरं गाणं जॉनने अल्बमवर घातलंच. जानेवारी १९६९ मध्ये त्याने हे राहिलेलं गाणं पुन्हा काढलं, तर ऋषिकेशच्या जागी मोरोक्कोतलं माराकेश! तरी जमेना. अखेर १९७१ मध्ये त्याने सगळे शब्द फेकून दिले, चाल तेवढी ठेवली आणि तिच्यावर बायकोची माफी मागणाऱ्या मत्सरी नवऱ्याचं गाणं लिहिलं. तेच आज जगभर गायलं जातं. मत्सराचं गाणं आधी ऐकलेलं असेल तर टेपवरची चाल सुरू होताच त्या अपराधी नवऱ्याची आठवण येते, आणि कानावर मात्र गंगाकाठचं ऊन-वारा पडत राहतो. पण मला तर वाटतं चाल पहिल्यापासूनच दुःखी होती. ऋषिकेशचे शब्द तिला कधी बसलेच नव्हते, आणि हे जॉनच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

सगळंच इतकं मोलाचं आहे असं नाही. त्या पन्नास तुकड्यांतले निम्मे मी दुसऱ्यांदा लावणार नाही. एशरच्या टेपवरही मेरी जेनवरचा एक वेडाचार आहे, तो तेव्हा वगळला हे उत्तमच झालं. वगळणं हीदेखील कलाच आहे, आणि पन्नाशीची खोकी नेमकी तीच विसरतात.

मराठीत आपल्याकडे असं काय आहे, हा विचार मनात येतोच. गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत असं सुरू झालं, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे किती तरी जण त्यात गायले होते. पुढे घराघरांत पोचलं ते एकट्या बाबूजींच्या आवाजातलं. पंचवटीत राहणाऱ्या माणसालासुद्धा राम, सीता, शूर्पणखा सगळे त्याच एका आवाजात ऐकू येतात. रेडिओवरचं ते पहिलं रूप ऐकलं की दचकायला होतं. गदिमांचे शब्द तेच, पण वेगवेगळ्या कंठांतून आल्यामुळे ते नाटकासारखे समोर उभे राहतात. ते डेमो नव्हेत, पण प्रत्येक पात्राला आपला आवाज असणारी जी वाट पुढे मागे पडली, ती तिथे ऐकू येते.

आणि खरे डेमो? ते घरोघरच्या माळ्यावर आहेत. नाशिकच्या जुन्या वाड्यांत झालेल्या मैफली, भजनी मंडळाच्या तालमी, एखाद्या मास्तरांनी पेटीवर चाल बसवताना चालू ठेवलेला टेपरेकॉर्डर. एशरची टेप उरली ती कुणीतरी जपून ठेवली म्हणून. तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर ती थेट प्लेअरमध्ये घालून वाजवायला लावू नका. पावसाळी हवेने आत बुरशी धरलेली असते, टेपचे पदर एकमेकांना चिकटलेले असतात. पांढरी पूड दिसली तर जाणकाराकडे न्या. नसेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या. आतली स्पंजची बारीक गादी सुटली असेल तर आवाज दबका येतो, ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येते. वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग संगणकावर उतरवा. आणि कोण गातंय, तबल्यावर कोण आहे, कुणाच्या घरची बैठक, हे सांगू शकणारी आजी किंवा काका घरात असतील, तर त्यांना शेजारी बसवून ऐकवा आणि ते सांगतील ते डबीवर लिहून घ्या.

नमस्कार.