रोबोटकडून आईकडे

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातलं एक घर. दारात चपलांचा ढीग, आत गर्दी.)

श्रावणातला रविवार. घरात कानबाई, खानदेशची देवी, बसलीये. तिच्या रोटांच्या प्रसादासाठी सगळे भाऊबंद जमलेत. आणि पाच वर्षांचा एक मुलगा मागच्या खोलीत दोन्ही कान गच्च दाबून बसलाय. येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, "वळखं का रे माले?" कुणी गाल ओढतं, कुणी उचलूनच घेतं.

आजी सुनेला धीर देते, याचा बापही उशिराच बोलला होता. होतंही तसं काही घरांत. पण या मुलाला ऑटिझम आहे. समोरच्याचे डोळे, भुवया, ओठ, आवाजाचा चढउतार, सगळं एकदम अंगावर येतं. त्यातलं नेमकं कशाकडे बघावं, हे त्याला आपसूक उमगत नाही.

(दृश्य : कॅस्पर रोबोट, एका मुलासोबत.)

हा कॅस्पर, ऑटिझम असलेल्या मुलांसाठीचा रोबोट. इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठात २००५ पासून घडत गेलेला. लहान मुलाएवढा, रबरी चेहऱ्याचा, मोजक्याच हावभावांचा. गुदगुल्या केल्या की हसतो. जोरात फटका मारला की तोंडावर हात घेतो आणि लागलं म्हणून सांगतो. पुन्हा मारा, पुन्हा तेच शब्द, तोच सूर. चिडणं नाही, कंटाळणं नाही. शेजारी बसलेली थेरपिस्ट तेवढ्यात मुलाचा हात हातात घेते आणि 'हळू' म्हणजे किती हळू, ते रोबोटच्याच अंगावर करून दाखवते. खरी थेरपी ती. रोबोटची बरीचशी बटणंही तिच्याच हातात असतात, हे जाहिरातीत सहसा दिसत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी रोबोट थेट घरात नेला. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १२ मुलं, महिनाभर, रोज अर्धा तास खेळ, सोबत घरातलं एक मोठं माणूस. रोबोट मुलाकडे बघायचा, मग त्या माणसाकडे. हळूहळू मुलांची नजरही तशी वळू लागली, रोबोट समोर नसतानासुद्धा. रोबोट परत नेल्यावर महिन्याभराने मात्र त्यातली काही कमाई ओसरली होती. मुलंही बाराच, त्यामुळे याला जादू म्हणू नये.

(दृश्य : सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता, एसटी.)

आता खानदेशात या. अशा रोबोटची किंमत लाखांच्या घरात जाते. इथे धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. आणि रोबोट आलाच, तरी बोलणार इंग्रजी. घरात अहिराणी, पाड्यावर पावरी किंवा भिली ऐकणाऱ्या पोराशी त्याने त्याच बोलीत बोलायला हवं; अहिराणीत "आठे देख", म्हणजे इकडे बघ, म्हणायला हवं. हे अवघड नाही. मावशीच्या आवाजात रेकॉर्ड करता येईल. पण आधी आठवड्याला नेमाने भेटणारी थेरपिस्ट तालुक्याच्या गावात हवी. तोवर आईला शिकवता येतं : एक वाक्य, एकच सूर, एका वेळी एकच माणूस. कानबाईच्या दिवशीसुद्धा.

तरीही उद्या कुणी रोबोट थेरपीचं पत्रक घेऊन दारात आलं, तर फीची चौकशी नंतर करा. आधी म्हणा : रोबोट बंद करा, आणि आता पोरगं आईकडे बघतं का, ते दाखवा.