मध्येच सुटलेला बाण: एकाच टेबलावर वेगवेगळे खेळ

किल्ल्याचा दरवाजा. दारावर एकच पहारेकरी. आमच्या टेबलावरची एक मैत्रीण त्याच्याशी बोलायला लागते. नाव काय, घरी कोण असतं, इथे किती वर्षं झाली? हा रोलप्लेइंग गेम आहे: प्रत्येकजण एक पात्र होऊन बोलतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी, त्यामुळे पहारेकऱ्याचा आवाज माझा. बोलणं रंगलंय, वीसेक मिनिटं झालीत, तो बायकोबद्दल सांगायला लागलाय. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज येतो, "मी त्याला बाण मारतो."

फासा पडला. वीस बाजूंच्या फाशावर वीस. पहारेकरी जागीच गेला.

मैत्रिणीचा चेहरा उतरला. आणि ज्याने बाण मारला त्याला कळेचना, आपलं चुकलं काय? किल्ला घ्यायला आलोय, समोर शत्रूचा माणूस उभा आहे!

नमस्कार. आज या बाणाबद्दल बोलू या.

मी तेव्हा काय केलं ते आधी सांगते, कारण ते चूक होतं. सेशन संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तू दुसऱ्यांची मजा घालवतोस. तो काही बोलला नाही. पुढची दोन सेशन्स आलाच नाही. मग मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "पाच आठवडे झाले, एकही लढाई झालेली नाही. मी येतो, तुमच्या गप्पा ऐकतो आणि घरी जातो."

फोन ठेवल्यावर मी त्याची कॅरेक्टर शीट, म्हणजे त्याच्या पात्राची कौशल्यं आणि गुण लिहिलेला कागद, काढून पाहिली. धनुष्य, नेम, लपून वार करणं. बोलण्या-पटवण्याच्या कौशल्यात एक गुण नाही. ही शीट म्हणजे त्याने मला लिहिलेलं पत्रच होतं, मला हे-हे खेळायचंय असं सांगणारं. आणि मी ते पहिल्या दिवशी घेऊन फाइलमध्ये ठेवून दिलं होतं. तुम्ही गेम चालवत असाल तर आज रात्री सगळ्यांच्या शीट्स या नजरेने वाचा. कुणी कशावर गुण खर्च केलेत ते बघा.

एक गोष्ट मनात पक्की करा. लढाईसाठी आलेला खेळाडू हा या छंदातला उपरा नाही. ज्या खेळापासून हा छंद सुरू झाला, ते डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आलं. ते बनवणारे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघंही छोट्या बाहुल्या मांडून युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांतले, आणि हा खेळ त्यातूनच निघाला. त्यात अनुभवाचे गुण मिळायचे ते राक्षस मारून आणि मुख्य म्हणजे खजिना बाहेर काढून. पहारेकऱ्याशी मनमोकळं बोलल्याबद्दल नव्हे. मग पात्रात शिरून बोलणारे आले, गोष्टीसाठी खेळणारे आले. 1980 मध्येच ग्लेन ब्लॅकाउ यांनी एका लेखात खेळण्याच्या चार तऱ्हा मांडल्या होत्या: ताकद वाढवत नेणं, भूमिका जगणं, डावपेच लढवणं आणि गोष्ट घडवणं. म्हणजे खेळ जेमतेम सहा वर्षांचा, आणि टेबलावरची कुरबूर तेव्हाच लेख लिहिण्याइतकी ओळखीची झालेली.

मग उपाय काय? सेशन झिरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसून बोलायचं, असं सगळेच सांगतात. बरोबरच आहे, पण त्यात विचारायचं काय? "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलंत तर सगळे एकच उत्तर देतात: थोडं रोलप्ले, थोडी लढाई, चांगली गोष्ट. या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. त्याऐवजी विचारा, "आधी खेळलेल्यातला कोणता प्रसंग अजून आठवतो?" आणि मग विचारा, "कुठल्या वेळी हात आपोआप फोनकडे गेला?" या दुसऱ्या प्रश्नाला लोक आधी लाजतात, मग खरं बोलतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. तुझं कॅरेक्टर मेलं तर चालेल का? एकाला वाटतं, मरणाची भीतीच नसेल तर फासे टाकायचे कशाला. दुसरीने आपल्या पात्राचं बालपण चार पानं लिहून आणलेलं असतं. दोघंही मनापासून खेळतायत. पण हे आधी ठरलं नसेल तर ज्या दिवशी कुणाच्यातरी पात्राचे जिवाचे गुण शून्यावर येतात, त्या दिवशी टेबलावर खरं भांडण होतं. आणि ते नियमांवरून चाललंय असं दिसतं, मरणावरून आहे हे कुणी म्हणतच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आल्यावर तीन फासे वाईट पडले की खेळ खलास. तुमचं टेबल वेगळं ठरवू शकतं: मरण खेळाडूच्या संमतीनेच, पण त्याऐवजी काहीतरी कायमचं गमवायचं. एक हात, घोडा, राजाचा विश्वास. आम्ही हेच ठेवलंय, आणि भीती अजिबात कमी झालेली नाही.

कधीकधी खेळाची निवडच अर्धं उत्तर देते. 1981 च्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथेच्या खेळामध्ये समोरासमोर लढायला गेलात तर बहुतेक वेळा मराल, नाहीतर वेड लागेल. ज्याला शौर्य गाजवायचंय त्याला तिथे बसवून "जुळवून घे" म्हणणं अन्याय आहे. आणि "माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणत सोबत्यांच्याच थैल्या कापणाऱ्याला मी सरळ सांगते, ते कॅरेक्टर तू लिहिलंयस, दुसरं लिही.

मात्र एक गोष्ट आवडीनिवडीत मोजू नका. एखादा विषय कुणाला सहन होत नसेल, तर तिथे मधला मार्ग नसतो. तो विषय येत नाही, बस. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड त्यासाठीच आहे. टेबलावर एक कार्ड ठेवायचं, कुणी त्याला हात लावला की प्रसंग बदलायचा. कारण विचारायचं नाही.

आता वाटणीबद्दल. एक तास लढाई, एक तास गप्पा, ही वाटणी मी करून पाहिली. प्रत्येकजण अर्धा वेळ कंटाळतो. त्यापेक्षा एकाच प्रसंगात दोघांना काम द्या. किल्ल्याच्या दारातला तोच प्रसंग घ्या. पहारा बदलायला दहा मिनिटं आहेत. ती बोलतेय, आणि तिच्या दर दोन प्रश्नांमागे तिरंदाज एक टप्पा तटबंदी चढतोय, फासे टाकतोय. तिचं बोलणं जितकं लांबेल तितका तो वर पोचेल. आता तिच्या गप्पा त्यालाही हव्या असतात.

आणि हो, गप्प बसलेली प्रत्येक व्यक्ती नाराज नसते. काहीजण फक्त मित्रांसोबत बसायला येतात आणि त्यातच खूश असतात. असंच बसायला आवडतं का, हे एकदा विचारा, आणि हो म्हणाले तर बोलतं करण्याचा हट्ट सोडा.

त्या फोननंतर मी बाण मारणाऱ्याची माफी मागितली, आणि तो परत आला. मेलेला पहारेकरी आम्ही जिवंत केला नाही. पुढच्या सेशनमध्ये मैत्रिणीला त्याच्या अंगरख्यात बायकोला लिहिलेलं अर्धं पत्र सापडलं. ते पोचवायचं तिने ठरवलं. गाव डोंगरापलीकडे, वाट लुटारूंची. तिरंदाजाने शीट पुढे ओढली आणि विचारलं, "किती बाण उरलेत माझ्याकडे?"